पावसाळ्यापूर्वी मोटारीचे टायर घरच्या घरी कसे तपासावेत

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या पट्ट्यात फिरणाऱ्या मोटारीच्या टायरला एकाच वर्षात अगदी वेगवेगळ्या प्रकारचे रस्ते सोसावे लागतात. राष्ट्रीय महामार्ग ४८ वर गाडी तासन्‌तास वेगात धावते, जांबोटी-कणकुंबीमार्गे चोर्ला घाट उतरताना तीच गाडी वळणावळणाने ब्रेकवर असते, पावसाळ्यात खानापूर तालुक्यातील पाण्याने भरलेल्या खड्ड्यांची खोली वरून कळत नाही, आणि ऊसाच्या हंगामात चिकोडी-रायबागकडील रस्त्यांच्या कडा ट्रॉल्यांच्या वजनाने तुटून धारदार होतात. तरीही आपल्यापैकी बहुतेकांची टायरची तपासणी पेट्रोल पंपावर हवा भरण्यापाशी थांबते. हवा बरोबर असणे आणि टायर धडधाकट असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय टायरचे सर्वांत घातक दोष बहुधा आतल्या बाजूला, म्हणजे गाडीच्या पोटाकडे असतात आणि गाडीशेजारी उभ्या राहिलेल्या माणसाला ते दिसत नाहीत. म्हणून ही तपासणी खाली वाकून, उजेड पाडून आणि हात फिरवूनच करावी लागते.

सविस्तर तपासणी वर्षातून किमान दोनदा करावी. पहिली मे महिन्याच्या अखेरीस, मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी, आणि दुसरी दिवाळीच्या सुमारास, पावसाळ्यातील खड्ड्यांचा मार खाऊन झाल्यावर. त्याखेरीज गोवा, पुणे किंवा बेंगळूरसारख्या लांबच्या प्रवासाला निघण्याच्या आदल्या दिवशी एकदा नजर टाकावी. निघण्याच्या सकाळी नव्हे, कारण दोष सापडला तर तो दूर करायला वेळ हाताशी हवा. या कामाला लागणारे सामान साधे आहे: हवेचा दाब मोजणारा गेज, टॉर्च किंवा मोबाइल, खडू, जुने फडके, साबणाच्या पाण्याची बादली आणि शाळेतील मुलांची मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी. गेज स्वतःचा असावा असे मी आग्रहाने सांगेन. वेगवेगळ्या पंपांवरील यंत्रे वेगवेगळे आकडे दाखवतात, आणि गेज नेहमी एकच असेल तर हवेतील घट-वाढ तरी खात्रीने कळते.

गाडी सपाट आणि पक्क्या जागेवर उभी करावी, हँडब्रेक ओढावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकांच्या मागे-पुढे दगड लावावेत. त्यानंतर टायर पाण्याने धुवून फडक्याने पुसून काढावेत. खानापूरकडील तांबडी माती आणि चिकोडीकडील काळी माती नक्षीच्या खाचांत वाळून बसली की तिच्याखाली खिळा, काच किंवा चीर सहज लपून राहते. टायर काळाभोर चकचकीत दिसावा म्हणून लावतात ते तेलकट पॉलिश तपासणीच्या आधी मुळीच लावू नये, कारण त्याने बारीक भेगा झाकल्या जातात. टायरचा जो भाग जमिनीला टेकलेला असतो तो दिसत नाही. म्हणून तो भाग जेथे आहे तेथे टायरच्या बाजूवर खडूने खूण करावी, बाकीचा टायर तपासून झाला की दगड काढून गाडी अर्धे चाक पुढे घ्यावी, पुन्हा दगड लावावेत आणि खूण वर आली की राहिलेला भाग पाहावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोके किंवा हात घालू नये. या तपासणीसाठी गाडी उचलण्याची गरजही नाही.

हवेचा दाब

दाब टायर थंड असतानाच मोजावा, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असावी किंवा जास्तीत जास्त दोन-तीन किलोमीटर सावकाश चाललेली असावी. किती दाब ठेवायचा हे चालकाच्या दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आतील बाजूस चिकटवलेल्या कागदावर छापलेले असते. पुढील व मागील टायरचे, तसेच कमी व पूर्ण भाराचे आकडे तेथे वेगवेगळे दिलेले असू शकतात. टायरच्या अंगावर जो दाब लिहिलेला असतो तो त्या टायरला सोसणारा कमाल दाब होय, आपल्या गाडीसाठी सुचवलेला नव्हे. हा गोंधळ फार सर्रास होतो आणि त्यामुळे टायर गरजेपेक्षा कडक राहून खड्ड्यात जास्त मार खातात.

हवा कमी असेल तर चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात टायरची बाजू प्रमाणाबाहेर वाकते आणि पुन्हा सरळ होते. या सततच्या वाकण्याने रबर आतून तापते, रबर आणि त्यातील धागे यांची पकड सुटत जाते, आणि महामार्गावर भर दुपारी गाडी वेगात असताना टायर फुटतो. अथणी-रायबागकडील उन्हाळ्यात रस्ताच तापलेला असतो, त्यामुळे तेथे कमी हवेने फिरणे जास्त धोक्याचे ठरते. ‘उन्हाळा आहे, हवा थोडी कमीच ठेवा’ हा सल्ला आपल्याकडे अनेक ठिकाणी दिला जातो आणि तो चुकीचा आहे. गाडी चालल्यावर टायर तापून दाब चार-पाच पीएसआयने (गेजवरील दाबाच्या एककाने) वाढतो. ही वाढ कंपनीने दाब ठरवताना धरलेलीच असते, म्हणून तापलेल्या टायरमधून हवा सोडू नये. सौंदत्तीच्या यल्लम्माला किंवा लग्नकार्याला घरची सगळी माणसे आणि सामान घेऊन निघायचे असेल, तर पूर्ण भाराचा आकडा पाहून तितकी हवा आधी भरून घ्यावी.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. येथे भरलेली हवा घेऊन गाडी गोव्याच्या किनाऱ्यावर उतरली की बाहेरच्या हवेचा दाब वाढलेला असल्यामुळे गेजवरचा आकडा साधारण एक पीएसआयने कमी दिसू शकतो. तेवढ्यावरून टायरला गळती आहे असे समजू नये. मात्र हवा जेमतेम ठेवून घाट उतरूही नये.

चांगल्या टायरमधूनही महिन्याकाठी साधारण एक पीएसआय हवा आपोआप कमी होते. चारांपैकी एकच टायर इतरांपेक्षा भराभर उतरत असेल तर गळती नक्की समजावी. व्हॉल्व्हच्या तोंडाशी, व्हॉल्व्ह डिस्कमधून, म्हणजे टायर ज्यावर बसतो त्या धातूच्या चाकातून, बाहेर येतो त्या जागी, टायर आणि डिस्क यांच्या सांध्याभोवती आणि मग संपूर्ण नक्षीवर साबणाचे पाणी सोडावे. गळती असेल तेथे बुडबुडे येतात. व्हॉल्व्हचे रबर हाताने वाकवून पाहावे, त्याच्या बुडाशी चिरा दिसल्या तर व्हॉल्व्ह बदलून घ्यावा. त्याचा खर्च फार नसतो. व्हॉल्व्हची टोपी हरवली असेल तर ती लावावी, कारण चिखलाचे कण आत शिरले की आतली सुई नीट बसत नाही. नायट्रोजन भरला असला तरी दाब तपासण्यातून सुटका होत नाही.

नक्षी किती उरली आहे आणि कशी झिजली आहे

टायरच्या बाजूच्या वरच्या कडेवर ठिकठिकाणी छोटा त्रिकोण किंवा टी. डब्ल्यू. आय. अशी अक्षरे असतात. तेथून सरळ नक्षीकडे पाहिल्यास मुख्य खाचांच्या तळाशी रबराची एक बुटकी आडवी पट्टी दिसते. तिची उंची १.६ मिलिमीटर असते. आजूबाजूची नक्षी झिजून त्या पट्टीच्या पातळीला आली की टायर संपला. केंद्रीय मोटार वाहन नियमांतही मोटारीच्या नक्षीची किमान खोली १.६ मिलिमीटर इतकीच धरलेली आहे. नव्या टायरची नक्षी बहुधा सात-आठ मिलिमीटर खोल असते. खोली मोजण्याचे छोटे माप बाजारात मिळते. ते नसेल तर दात कोरण्याची काडी खाचेत उभी धरून नखाने खूण करावी आणि पट्टीवर मोजावे. मोजताना काडी खाचेच्या तळाला टेकावी, वर सांगितलेल्या बुटक्या रबरी पट्टीवर नव्हे. एका टायरवर आतली कड, मधला भाग आणि बाहेरची कड अशा तीन जागी, आणि तेही दोन-तीन ठिकाणी मोजून, सर्वांत कमी आलेला आकडा खरा धरावा.

कायद्याची मर्यादा १.६ असली तरी आपल्या भागातील पावसाचा विचार करता तिथपर्यंत थांबणे मला योग्य वाटत नाही. ओल्या रस्त्यावर टायरखालचे पाणी या खाचांतूनच बाहेर फेकले जाते. खाचा उथळ झाल्या की वेगात पाणी बाहेर पडायला वाव राहत नाही, टायर पाण्याच्या थरावर उचलला जातो आणि त्या क्षणी स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही निरुपयोगी होतात. कोरड्या दिवसांत पुरेसा वाटणारा टायर जूनमध्ये अपुरा पडतो. म्हणून मे महिन्यातील मोजणीत नक्षी तीन मिलिमीटरच्या आत आली असेल आणि गाडी घाटातून किंवा महामार्गावरून नियमित जात असेल, तर पावसाळ्याआधीच टायर बदलावा. जिची फेरी गावातल्या गावात आणि कमी वेगाची आहे अशी गाडी आणखी काही महिने थांबू शकते.

नक्षी किती उरली याइतकेच महत्त्व ती कशी झिजली याला आहे, कारण झिजेवरून गाडीतील बिघाड ओळखता येतो. मधला पट्टा जास्त झिजला असेल तर हवा सतत जास्त ठेवली गेली आहे. दोन्ही कडा झिजून मधला भाग उंच राहिला असेल तर हवा सतत कमी होती. पुढच्या दोन्ही टायरच्या बाहेरच्या कडा काहीशा अधिक झिजणे हे घाटाच्या वळणांवर नेहमी जाणाऱ्या गाडीत दिसते, आणि झीज बेताची असेल तर वेळेवर टायरची अदलाबदल करून ती सावरता येते. अंतराअंतराने खळगे पडल्यासारखी झीज दिसली तर शॉकअ‍ॅब्सॉर्बर आणि चाकाचे बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचे वजन सगळीकडे सारखे आहे का, तपासून घ्यावे. एकाच जागी सपाट घासलेला डाग असेल तर कधीतरी जोरात ब्रेक लागून चाक घसरत गेले आहे.

आता हात लावून पाहण्याची तपासणी. बोटांना इजा होऊ नये म्हणून जाड फडके किंवा हातमोजा घ्यावा, आणि तळहात नक्षीवरून बाहेरून आत व मग आतून बाहेर असा आडवा फिरवावा. एका दिशेने हात सहज सरकला आणि उलट दिशेने नक्षीच्या कडा करवतीच्या दातांसारख्या टोचल्या, तर चाके एकमेकांना समांतर राहिलेली नाहीत, म्हणजेच अलाइनमेंट बिघडली आहे. हा दोष डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी आधी हाताला कळतो. खड्ड्यात चाक जोरात आदळल्यावर किंवा रस्त्याच्या तुटलेल्या कडेवरून चाक खाली उतरल्यावर अलाइनमेंट हमखास बिघडू शकते, तेव्हा अशा धक्क्यानंतर पुढील तपासणीची वाट न पाहता लगेच हात फिरवून पाहावे.

आतल्या कडेची झीज वेगळी सांगावी लागते, कारण ती सहज नजरेत येत नाही. टायरच्या दुकानात उतरवून ठेवलेल्या जुन्या टायरांच्या ढिगात असे टायर नेहमी दिसतात: बाहेरच्या कडेला तीन-चार मिलिमीटर नक्षी शाबूत आहे, रबर काळेभोर आहे, आणि तोच टायर फिरवून आतली बाजू पाहिली तर बोटभर रुंदीची पट्टी पूर्ण गुळगुळीत होऊन रबराखालून पोलादी तारांची गंजलेली टोके वर आलेली आहेत. असा टायर गाडीला लावलेला असताना बाहेरून पाहणाऱ्याला चांगलाच वाटतो. पुढच्या चाकांची आतली कड पाहण्यासाठी स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवावे. त्याने एका चाकाचा मागील आणि दुसऱ्याचा पुढील आतला भाग उघडा पडतो, मग स्टिअरिंग उलट वळवून उरलेले पाहावे. मागची चाके वळत नाहीत, म्हणून मोबाइलचा टॉर्च लावून व्हिडिओ सुरू करावा, मोबाइल जमिनीलगत धरून चाकाच्या आतल्या बाजूने सावकाश फिरवावा आणि मग ते चित्रण मोठे करून पाहावे. तार दिसली की तो टायर त्याच दिवशी उतरवावा; त्यावर आणखी एक फेरी करू नये.

फुगा, चिरा आणि भेगा

टायरच्या बाजूची भिंत, जिला साइडवॉल म्हणतात, ती नक्षीच्या भागापेक्षा बरीच पातळ असते आणि तिच्यात पोलादी तारांचे पट्टे नसतात. खड्ड्याची धार आणि डिस्कची कड यांच्यामध्ये ही भिंत चेंगरली की आतले धागे तुटतात, बाहेरचे रबर मात्र अखंड राहते, आणि तुटलेल्या जागी आतील हवेच्या दाबाने रबर बाहेर येते. यालाच आपल्याकडे टायरला फुगा आला असे म्हणतात. धक्का बसल्यावर फुगा लगेच दिसेलच असे नाही. काही दिवस गाडी चालल्यावर तो हळूहळू वर येतो. म्हणून खड्ड्यात चाक आपटल्यानंतर त्याच दिवशी एकदा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा एकदा ते चाक पाहावे.

फुगा शोधण्यासाठी टॉर्च टायरच्या बाजूला अगदी चिकटवून तिरपा धरावा, म्हणजे उंचवट्याची सावली पडते, आणि तळहात भिंतीवरून गोलाकार फिरवावा. फुगा अक्रोडाएवढा असो वा सुपारीएवढा, तो टायर निकामी झाला असे समजावे. फुगा दुरुस्त होत नाही. त्यात ट्यूब घालणे किंवा आतून जुन्या टायरचा तुकडा लावून, म्हणजे गेटर टाकून, तो चालवणे हे उपाय काही ठिकाणी सुचवले जातात. पण तुटलेल्या धाग्यांची ताकद त्याने परत येत नाही, उलट आत घर्षण होऊन उष्णता वाढते. चोर्ला किंवा आंबोलीच्या उतारावर पुढचा टायर फुटला तर काय होऊ शकते याचा विचार करून हा सल्ला स्पष्टपणे नाकारावा. एक खुलासा मात्र आवश्यक आहे: रेडियल टायरच्या, म्हणजे ज्याचे धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे जातात अशा टायरच्या, बाजूवर कधीकधी उभी, आत दबलेली उथळ रेघ दिसते. टायर बनवताना धाग्यांच्या थराचा सांधा जेथे येतो तेथे ती पडते आणि तिने काही बिघडत नाही. बाहेर आलेला उंचवटा आणि आत गेलेली रेघ यांतला हा फरक ध्यानात ठेवला की चांगला टायर उगाच टाकून दिला जात नाही.

चीर आढळली तर ती बोथट वस्तूने अलगद उघडून तिची खोली पाहावी. नुसते वरचे रबर खरवडले असेल तर त्या जागेचा फोटो काढून ठेवावा आणि पुढच्या वेळी ताडून पाहावा. आत धागे दिसले तर टायर बदलावा. बारीक जाळीदार भेगा हे वयाचे आणि उन्हाचे लक्षण आहे. वर्षभर अंगणात उन्हात उभ्या असणाऱ्या आणि कमी चालणाऱ्या गाडीत नक्षी भरपूर शिल्लक असूनही टायर असे भेगाळलेले दिसतात. नक्षीच्या खाचांच्या तळाशीही भेगा पडतात, त्या विसरू नयेत.

टायरचे वय

टायरच्या बाजूवर डी. ओ. टी. या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते आणि तिच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात आणि शेवटचे दोन वर्ष. २३२१ असे असेल तर तो टायर २०२१ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झाला. पूर्ण ओळ टायरच्या एकाच बाजूवर असते, त्यामुळे बाहेर ती दिसली नाही तर आतल्या बाजूला शोधावी. पाच वर्षे झाल्यावर टायर दर वर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा, आणि नक्षी कितीही चांगली असली तरी दहा वर्षांपलीकडे कोणताही टायर वापरू नये. आपल्या हवेत आणि रस्त्यांवर मी स्वतः सहा-सात वर्षांनंतर बदलण्याच्या बाजूचा आहे. जुनी गाडी विकत घेताना पाचही टायरचे हे आकडे वाचावेत. तीन वर्षांच्या गाडीला सात वर्षांचे टायर लावलेले असतील, तर दर ठरवण्याआधी विकणाऱ्याला त्याचे कारण विचारावे.

पंक्चर

ऊस वाहणाऱ्या बैलांच्या पायांतील पत्र्यांचे निखळलेले खिळे रस्त्यावर पडतात, आणि उद्यमबागसारख्या कारखान्यांच्या भागात लेथवरील लोखंडाचा कीस आणि बारीक तुकडे असतात. ट्यूबलेस टायरमध्ये रुतलेला खिळा हवा फार हळू सोडतो, म्हणून कित्येक दिवस तो लक्षात येत नाही आणि तोवर गाडी कमी हवेवर चालत राहते. नक्षीत अडकलेले खडे बोथट टोकाने काढून टाकावेत. खिळा मात्र घरी उपटू नये; साबणाचे पाणी सोडून पाहावे, जागेवर खडूने खूण करावी आणि पंक्चरच्या दुकानात जावे.

छिद्र नक्षीच्या मधल्या भागात आणि सहा मिलिमीटरपर्यंतच असेल तरच टायर दुरुस्त करण्याजोगा असतो. कडेच्या पट्टीत किंवा बाजूच्या भिंतीत छिद्र असेल तर दुरुस्ती मान्य करू नये. बाहेरून रबराची दोरी खुपसण्याची पद्धत झटपट आहे आणि वाटेत उपयोगी पडते, पण टायर डिस्कवरून उतरवून, आतली बाजू पाहून, आतून पॅच लावलेली दुरुस्ती अधिक भरवशाची असते. टायर उतरवला की आतून हात फिरवून घ्यावा. आत रबराची काळी भुकटी निघाली किंवा भिंतीला गोलाकार घासलेला पट्टा दिसला, तर तो टायर हवा नसताना चाललेला आहे, आणि पंक्चर कितीही लहान असले तरी तो पुन्हा वापरू नये. याच वेळी डिस्कची कड वाकली आहे का आणि अलॉयचे चाक असेल तर त्याला तडा आहे का, हेही पाहावे.

चालवताना कळणारे दोष

काही दोष उभ्या गाडीत सापडत नाहीत. ताशी ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागले तर बहुधा बॅलन्सिंगचा प्रश्न असतो. मात्र ताशी वीस-तीसच्या वेगात गाडी डुलत असेल किंवा चाकाच्या फेऱ्यागणिक धप्प-धप्प असा आवाज येऊन तो दिवसागणिक वाढत असेल, तर टायरच्या आतील पट्टे एकमेकांपासून सुटू लागल्याची शक्यता असते. अशा वेळी नक्षीचा एखादा भाग वर आला आहे का किंवा खाचा सरळ न राहता वाकड्या झाल्या आहेत का हे पाहावे, आणि तोवर गाडी महामार्गावर नेऊ नये. सपाट रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी दोन्ही बाजूंची हवा मोजावी, मग अलाइनमेंटकडे जावे.

स्टेपनी

स्टेपनी वर्षानुवर्षे डिकीत पडून राहते आणि गरजेच्या रात्री तिच्यात हवा नसते. तिची हवा, वय आणि भेगा इतर चार टायरबरोबरच तपासाव्यात, आणि जॅक व पाना जागेवर आहेत का तेही पाहावे. स्टेपनी इतर टायरपेक्षा अरुंद असेल तर तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा पाळावी. ती बहुधा ताशी ८० किलोमीटर असते. २०२० मध्ये नियमांत झालेल्या बदलानुसार दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचे किट असलेल्या साडेतीन टनांपर्यंतच्या गाड्यांना स्टेपनी सक्तीची राहिलेली नाही. आपली गाडी अशी असेल तर किटमधील द्रवाची मुदत पाहावी, आणि हे किट बाजूची भिंत फाटल्यावर कामाला येत नाही हे ओळखून कणकुंबीच्या पलीकडील घाटात रात्री एकट्याने जाण्याचा बेत आखावा.

बदलायची वेळ आली तर

टायर नेहमी जोडीने, म्हणजे एका आसावरचे, पुढचे किंवा मागचे, दोन्ही एकदम बदलावेत. दोनच नवे घेतले तर ते मागे लावावेत आणि मागचे, अजून चांगले असलेले टायर पुढे आणावेत, मग गाडी पुढच्या चाकांच्या जोरावर चालणारी का असेना. पुढचे टायर ओल्या रस्त्यावर घसरू लागले की चालकाला स्टिअरिंगवर ते कळते आणि वेग कमी करता येतो. मागचे घसरले तर गाडी फिरते आणि सावरायला अवधी मिळत नाही. दर आठ ते दहा हजार किलोमीटरला पुढचे-मागचे टायर अदलून लावावेत. टायरवर बाण असेल तर फिरण्याची दिशा तीच राहिली पाहिजे.

माप कंपनीने दिलेलेच घ्यावे. १८५/६५ आर १५ ८८ एच असे लिहिलेले असेल तर टायरची रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, बांधणी रेडियल आणि डिस्क १५ इंची असते. ८८ हा भारांक, म्हणजे प्रत्येक टायरला ५६० किलोपर्यंतचा भार आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरची मर्यादा. नव्या टायरचा भारांक मूळच्यापेक्षा कमी नसावा. आय. एस. आय. चिन्ह आणि बनावटीची तारीख दुकानातच पाहून घ्यावी. जुने टायर स्वस्तात मिळतात, पण घासलेल्या टायरवर गरम पात्याने पुन्हा खाचा पाडून तो नवा दिसेल असा केलेला असू शकतो. खाचांच्या तळाशी टी. डब्ल्यू. आय. ची पट्टी सापडली नाही किंवा ती तुटक दिसली, तर तो टायर घेऊ नये.

नवे टायर बसवल्यावर बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट दोन्ही करून घ्यावे. पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा आवळून घ्यावेत, आणि पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर ओल्या रस्त्यावर जपून चालवावे, कारण नव्या रबराचा वरचा गुळगुळीत थर निघून जाईपर्यंत पूर्ण पकड मिळत नाही. काढलेले टायर परसात किंवा गच्चीवर ठेवू नयेत. पावसाचे पाणी त्यांत साचून डेंग्यूचे डास होतात. ते दुकानातच परत द्यावेत, आणि फुगा आलेला किंवा तार दिसणारा टायर असेल तर तो पुन्हा कोणाच्या गाडीला लागू नये म्हणून आपल्या डोळ्यांसमोर कापून घ्यावा.